सांबरशिंगाची घोडी

"कानाला काही होणार नाही ना गं?" सळी बसवण्याआधी जैबुननं मला एवढा एकच प्रश्न विचारला होता.

मी हसले होते. अंडाशयाचा आणि कानाचा काय संबंध, असं म्हणत तिच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता. पंधरा वर्षं डॉक्टरकी केलेली बाई अशा प्रश्नाला हसतेच. न हसता तिनं दोन मिनिटं विचार केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती, पण वरातीमागून घोडं आणण्यात आम्ही डॉक्टर पटाईत.

मिरजेला बाहेरगावची माणसं दोन कामांसाठी येतात, दुखणं घेऊन दवाखान्यात नाहीतर तंबोरा घ्यायला. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो, आणि मोठेपणी ही दोन कामं आम्ही आपसात वाटून घेतली. मी मगदुमांची केतकी, बायकांची डॉक्टर झाले. जैबुन तिच्या वडिलांच्या, दस्तगीरचाचांच्या कारखान्यात बसली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, आढ्याला टांगलेले भोपळे, जमिनीवर चटया आणि दाराशी चाचांची जागा. विक्रीचं जैबुनचा भाऊ सिकंदर बघायचा. लाकूडकाम, नक्षी, पॉलिश दुसरे कारागीर करत. जवारी मात्र चाचा स्वतः काढायचे, आणि त्यांचे हात कापायला लागल्यावर जैबुन.

जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा ज्या आडव्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ही पट्टी वरून सपाट नसते, तिला उतार असतो, पण तो इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही. उतार बरोबर साधला तर छेडलेली तार घोडीला हलकेच घासत राहते आणि एका सुरातून दहा सूर निघतात. कानशीचे चार हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत चार हात. आणि एका क्षणी थांबायचं. एक हात जास्त पडला तर सूर फाटतो, आणि घासून गेलेलं परत आणता येत नाही. कानस चालवायला कुणीही शिकेल, थांबायला शिकण्यात जन्म जातो, असं चाचा म्हणत. जैबुनला थांबता यायचं. मी समोर बसून कितीदा पाहिलं आहे. तिचा चेहरा एकदम सैल व्हायचा, "झालं" असं ती पुटपुटायची आणि कानस खाली ठेवायची.

चाचांची एक रीत होती. कुणा मोठ्या गवयाचा, किंवा ज्यात त्यांचा स्वतःचा जीव अडकलाय असा तंबोरा जवारीला आला की ते त्याच्या खुंटीला हिरवा दोरा बांधून तो भिंतीवर टांगून ठेवत. दोरा असेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. जैबुन रोज सकाळी साध्या तंबोऱ्यांवर बसायची. चाचा दाराशी चहा पीत तिचं काम ऐकायचे आणि भिंतीकडे न बघता म्हणायचे, "आज नक्को. कान भूका है तेरा." आमच्याशी ते मिरजेची मराठी बोलत, घरात मात्र त्यांची दखनी. असे आठ-पंधरा दिवस जायचे, गिऱ्हाईक तगादा लावायचं, सिकंदर कपाळाला हात लावायचा. मग एखाद्या सकाळी चाचा उठायचे, दोरा सोडून खिशात टाकायचे आणि तंबोरा लेकीपुढे ठेवून एकच शब्द बोलायचे, "ले." त्या दिवशीची जवारी ऐकायला शेजारचे कारागीर हातातलं काम टाकून यायचे.

लेकीचा कान उपाशी कधी आणि जेवलेला कधी, हे चाचांना कसं कळायचं ते कुणी विचारलं नाही. म्हातारपणाची लहर, असं सिकंदर म्हणायचा आणि जैबुनलाही तसंच वाटायचं.

जैबुनला पाळीचा त्रास भयंकर होता. गर्भाशयाचं अस्तर भलतीकडेच वाढण्याचा आजार. महिन्यातले चार दिवस ती पोटाशी उशी घेऊन पडून असायची. गोळ्या झाल्या, एक ऑपरेशन झालं, फरक नाही. मग २०३८ साली 'स्थिरा' आली. काडेपेटीतल्या काडीएवढी सळी, दंडाच्या कातडीखाली बसवायची. ती अंडाशयांना झोपवून ठेवते, दर तासाला रक्तातलं इस्ट्रोजेन मोजते आणि महिनाभर चढणारं-उतरणारं ते संप्रेरक एका खालच्या सपाट रेषेत धरते. पाळी नाही, दुखणं नाही, चिडचिड नाही. मी शेकडो बायकांना ती बसवली, त्यांनी मला तोंडभरून आशीर्वाद दिले, आणि ते खोटे नव्हते. सगळ्यात पहिली मी माझ्याच दंडात बसवून घेतली, कारण अर्धशिशी मला दर महिन्याला दोन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपवायची.

जैबुनच्या घरी आनंदीआनंद झाला. महिन्याचे तीसही दिवस ती कामावर. परदेशातल्या मागण्या वेळेवर जायला लागल्या, सिकंदरनं माझ्याकडे हापूसची पेटी पाठवली. तंबोऱ्यांबद्दल कुणाची तक्रार आली नाही. फक्त चाचा एखादा तंबोरा छेडून "बरा है" म्हणायचे. लेकीच्या जवारीला त्यांनी आजवर चांगली म्हटलं होतं, नाहीतर परत कर म्हटलं होतं. बरा हा शब्द नवा होता.

त्याच वर्षी चाचांनी आपल्या हातचा शेवटचा तंबोरा केला. घोडी सांबरशिंगाची. शिंगाच्या व्यापारावर बंदी येऊन कित्येक वर्षं झाली होती. चाचांच्या वडिलांच्या काळचा एकच तुकडा ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता, तो त्यांनी यासाठी बाहेर काढला. हा विकायचा नाही, हा जैबुनचा, जवारी तिनंच काढायची, असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. मग हिरवा दोरा बांधून तो भिंतीवर टांगला.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आज नक्को." तिसऱ्या दिवशीही तेच. पंधरवडा गेला, महिना गेला, वर्ष गेलं. रोज सकाळी ती बसायची, ते ऐकायचे आणि तोच शब्द. आधी ते काळजीनं म्हणायचे, पुढे पुढे हळू आवाजात, जणू त्यांचीच काही चूक झाली आहे. जैबुनच्या मनाला ते लागलं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली की अब्बांचा माझ्या हातावरचा विश्वास उडाला, म्हातारपणी त्यांना मी नकोशी झाले. मी तिला समजावलं की म्हातारी माणसं हट्टी होतात. अशा वेळी द्यायला माझ्याजवळ सल्ले भरपूर असतात.

सव्वादोन वर्षांनी थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. दोरा तसाच होता.

मी भेटायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. जैबुन भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती, आल्यागेल्याला पाणी विचारत होती. तिची फुफी, म्हणजे आत्या, मला बाजूला घेऊन म्हणाली की ही बापाची एवढी लाडकी, पण डोळ्यांतून टिपूस नाही, दगड झाली पोरगी. सिकंदर बहिणीशी तुटक बोलत होता. मलाही त्या दिवशी रडू आलं नाही. ज्यांच्या मांडीवर बसून मी तंबोऱ्याच्या तारा ओढल्या होत्या ते चाचा गेले, आणि मी घड्याळ बघून दवाखान्यात परतले. डॉक्टर माणसाचं मन घट्ट होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

चाचांचा चाळिसावा दिवस झाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी जैबुन माझ्या दवाखान्यात आली आणि रुमालाची पुरचुंडी टेबलावर सोडली. आत घोडी होती. मधोमध पार झिजून पातळ झालेली, आणि भोवती शिंगाची पिठासारखी पूड.

तिनं दोरा स्वतःच सोडला होता. अब्बांना दाखवून द्यायचं होतं, असं ती म्हणाली. सकाळी आठला बसली. चार हात, ऐकलं, चार हात, ऐकलं. अकराच्या सुमाराला सिकंदरनं येऊन हात धरला तेव्हा ती थांबली.

"सूर चांगला येत होता गं," ती म्हणाली. "मधे एकदा तर लई चांगला आला. मला कळतंय की तो चांगला होता. पण आत 'झालं' असं झालंच नाही. म्हणून मी घासतच राहिले."

मी तिचे कान तपासून घेतले. कान वीस वर्षांच्या पोरीसारखे निघाले. मग मात्र कॉलेजात असताना वाचलेलं काहीतरी वर यायला लागलं.

डोपामिन म्हणजे सुखाचा रस, असं लोक समजतात. ते अर्धवट खरं आहे. डोपामिन ही दवंडी आहे. मेंदू सतत अंदाज बांधत असतो, आता हे येईल, आता ते होईल. अंदाजापेक्षा सरस काही आलं की डोपामिनची लाट वर उसळते, आणि आतून कुणीतरी म्हणतं, हेच, हे लक्षात ठेव, इथं थांब. जे यायला हवं होतं ते आलं नाही तर लाट नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. ते आपल्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं जाणवतं. या दवंडीचा आवाज किती मोठा, ते इस्ट्रोजेन ठरवतं. ते चढलं की डोपामिन जास्त सुटतं आणि ते पुसून टाकणारे पंप कमी पडतात. उंदराच्या माद्याही इस्ट्रोजेन चढलेल्या दिवसांत लवकर शिकतात. बहुतेकांचं आयुष्य सवयीनं चालतं, दवंडी थोडी हळू झाली तरी काही अडत नाही. पण जिचं सगळं कामच एक क्षण ओळखण्याचं, तिचं काय?

पार्किन्सनच्या रुग्णांचं औषध बेतायला मोठ्या इस्पितळात एक टोपी आली होती. ती डोक्यावर घातली की डोपामिनची लाट पडद्यावर रेघेत दिसते. ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालून मी जैबुनला तिथे नेलं. तिला तंबोऱ्याचे सूर ऐकवले, वाईट, बरे, उत्तम. तिनं प्रत्येकाची परीक्षा अचूक केली. रेघ मात्र उत्तम सुराला जेमतेम चिमूटभर वर गेली. मग सूर अर्ध्यात तोडून पाहिला, येणारा सूर येऊच दिला नाही. रेघ खालीही गेली नाही, आणि चाचा गेले त्या दिवशीचे तिचे कोरडे डोळे मला आठवले. टोपी मी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली नाही, तेवढा धीर झाला नाही.

एक शंका उरली होती, चाचांच्या 'आज नक्को'ची. माझ्याकडे जैबुनच्या हातचा तंबोरा आहे, हिरव्या दोऱ्याचा. घरी येऊन मी त्याची घोडी काढली. खाली चाचांच्या अक्षरात पेन्सिलीनं तारीख होती. दोऱ्याच्या प्रत्येक तंबोऱ्याला, दोरा सोडला त्या दिवसाची तारीख ते अशी घालत, हे सिकंदरनं सांगितलं. त्याच्याजवळ अशा एकोणीस तंबोऱ्यांच्या घोड्यांचे, खालच्या तारखेसकट, फोटो निघाले. जैबुनच्या नऊ वर्षांच्या पाळीच्या तारखा माझ्या केसपेपरांत होत्या. दोन्ही शेजारी ठेवले. एकोणीसच्या एकोणीस तारखा पाळी सुरू झाल्यापासून नवव्या ते तेराव्या दिवसात पडत होत्या, म्हणजे इस्ट्रोजेन जेव्हा शिगेला पोचतं तेव्हा.

बापानं लेकीला अशा गोष्टी विचारायची रीत नव्हती आणि चाचांनी कधी विचारलं नाही. त्यांनी फक्त ऐकलं होतं. मी पंधरा वर्षं शिकून जे विसरले ते त्यांना दाराशी चहा पिताना ऐकू येत होतं.

आता तिला सांगायचं की नाही? न सांगितलं तर अब्बा नाराज होऊन गेले, हा काटा तिच्या मनात जन्मभर राहणार होता. सांगितलं तर ती सळी कुणी बसवली हेही आलंच. दोन दिवस मी टाळाटाळ केली, मग कारखान्यात गेले आणि चटईवर कागद पसरून सगळं सांगितलं.

ती तारखांवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे अब्बा माझ्यावर नाराज नव्हते," ती म्हणाली.

"नाही. ते वाट बघत होते."

"रोज?"

"रोज. तुझा दिवस आज येईल, उद्या येईल, म्हणून."

तिनं कागद घडी करून मला परत दिले. मग विचारलं, "तुला हे आधी ठाऊक होतं?"

वाचलं होतं, तुझ्याशी जोडलं नाही, असं मी खरं ते सांगितलं. तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण तिला रागसुद्धा धड येत नव्हता. थोड्या वेळानं तिनं बाही वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला. दुखणं परत येईल, अंडाशयं जागी होतील की नाही याचीही खात्री नाही, तुझं वय आता बेचाळीस, हे सगळं मी तिला बजावलं. "काढ," ती म्हणाली.

सळी काढली. चार महिने काहीच झालं नाही. पाचव्या महिन्यात पाळी आली आणि तिच्याबरोबर दुखणं, पहिल्यापेक्षा जास्त. सिकंदरची बायको तिच्या पायांना तेल लावत बसायची. सिकंदर एकदा मला रस्त्यात भेटला आणि मान फिरवून पुढे गेला. पुढची पाळीही तशीच गेली. त्यानंतर एका सकाळी जैबुनचा फोन आला. दवाखान्यात जायच्या आधी येऊन जा, एवढंच ती म्हणाली. मी मनात मोजलं, अकरावा दिवस होता.

गेले तेव्हा ती साध्या तंबोऱ्यावर बसलेली होती. चाचांची चटई दाराशी घडी घालून ठेवली होती, तिच्यावर कुणी बसत नाही. सांबरशिंगाचा तंबोरा भिंतीवर होता, ती झिजलेली घोडी तिनं परत बसवली होती आणि खुंटीला दोराही बांधला होता. मी कोपऱ्यात बसले. चार हात, तार, ऐकणं, उतरवणं. मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. मग एकदा तिनं तार छेडली आणि तिचा चेहरा सैल झाला. "झालं," ती पुटपुटली आणि कानस खाली ठेवली. तीन वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. मला वाटलं, परमेश्वर पावला.

ती तशीच बसून राहिली. तिची मान दाराकडे वळली होती. ती काही बघत नव्हती, ऐकत होती. अशा सकाळी दाराकडून काय यायचं ते मला ठाऊक होतं, एकच शब्द. ती त्याची वाट बघत होती. सवयीनं बघत होती, आणि तो आला नाही.

"आज अब्बा 'ले' म्हणाले असते," ती म्हणाली.

मग तिनं भिंतीवरचा तंबोरा खाली घेतला, दोरा न सोडताच, आणि एकदा छेडला. तो फाटका सूर इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच पुरता ऐकू आला असावा. घोडीवर आता कानशीच्या एका हाताचीही जागा उरली नव्हती. आज तिला थांबता आलं असतं, आणि थांबायला काही शिल्लक नव्हतं. तिनं तंबोरा मांडीवर आडवा घेतला, भोपळ्यावर कपाळ टेकलं आणि बापासाठी रडायला लागली. कारखान्यातले सगळे हात थांबले. सिकंदर आतून धावत आला, दारातच उभा राहिला, आणि बहिणीजवळ बसून तोही रडला.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. चाचा माझेही होते. त्यांच्या शेवटच्या तंबोऱ्याचं जे झालं ते माझ्यामुळे झालं होतं, आणि मला ते नीट कळत होतं. मी रडू येण्याची वाट बघितली. ते आलं नाही. माझा दुसरा हात कधी माझ्या दंडावर गेला ते मला समजलं नाही, कातडीखाली सळी बोटाला लागत होती.

मी फोन काढून दवाखान्यात कळवलं की आज मी रुग्ण तपासणार नाही. सहकारी डॉक्टरांना म्हणावं, सळी काढायचं सामान तयार ठेवा, मी येते आहे.